आतला ठोका

१

मी मत्सरी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे ते तुमच्या लक्षात येणारच, मग मीच सांगितलेलं काय वाईट? धाकट्या बहिणीच्या नवऱ्यावर मी अकरा वर्षं जळतोय. माणूस वाईट असता तर निदान सोयीचं झालं असतं. पण तो भला आहे, मला दादा म्हणतो, माझा चहाचा कपसुद्धा विसळून ठेवतो. अशा माणसावर जळत राहायचं म्हणजे काही खायचं काम नाही.

आम्ही तबले बनवतो. रस्त्याकडे उघडणारी लांबट खोली म्हणजे आमचा कारखाना. मागच्या बाजूला पडदा, पडद्यापलीकडे बाबांची खोली आणि वर राहायचं घर. बाबांच्या तरुणपणी पखवाजच जास्त व्हायचे, पुढे तबल्याची मागणी वाढली. बाबा म्हणायचे, तबला जरा जरी उतरलेला असला तर गाणारा आपल्याच गळ्यावर संशय घेतो, आणि गाणाऱ्याला एकदा संशय आला की मैफल संपली. त्यामुळे बाबांनी ऐकल्याशिवाय आमचा एकही तबला उंबऱ्याबाहेर पडला नाही.

रोजची रीत ठरलेली होती. तबल्यावर ताणलेल्या कातड्याच्या मधोमध तो काळा गोल असतो ना, ती शाई. ती एका दमात फासत नाहीत. पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडानं तो पार सुकून तापेपर्यंत घोटत बसायचं, मग पुढचा थर. असे वीस-पंचवीस थर. काम पुरं झालं की दुपारी तीनला, रस्ता शांत असतो तेव्हा, तबला सुरात चढवायचा, किनारीवर एकच थाप द्यायची आणि हात उचलून थांबायचं. पडद्यामागून बाबांचं उत्तर यायचं.

पूर्वी ते तोंडानं सांगायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून उत्तर यायचं ते पलंगाच्या लाकडी कडेवर, डाव्या हाताच्या बोटानं. एक ठोका म्हणजे जमला, वरच्या फळीवर ठेवा. दोन ठोके म्हणजे खालच्या फळीवर, परत घोटा. आणि तीन ठोके म्हणजे मी. पाणी हवंय, कूस बदलायची आहे, भांडं द्यायचं आहे, काहीही असो, तीन पडले की मी हातातलं टाकून आत पळायचो. लग्न माझं राहूनच गेलं होतं, त्यामुळे मी कायमचा हाताशी.

डग्गे माझे पास व्हायचे. डग्ग्याच्या बाबतीत बाबा दिलदार होते. पण तबल्याला, उजव्या हाताखालच्या खऱ्या तबल्याला, मला एक ठोका कधी मिळाला नाही. एकदाही नाही. मी बारा वर्षांचा असताना दगड हातात घेतला, आज बावन्नचा आहे.

आणि हा बहिणीचा नवरा, बाइंडर! छापखान्यात पुस्तकं बांधायचा, म्हणून सगळे त्याला बाइंडरच म्हणतात. छापखाना बंद पडला तेव्हा बाबांनी त्याला, रिकामा बसू नये म्हणून, माझ्या शेजारी पाटावर बसवला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या तबल्याला बाबांनी पहिल्या फटक्यात होकार दिला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

२

बाबा गेले ते सकाळी. मी त्यांचं तोंड पुसत होतो. ओला टॉवेल हातात तसाच राहिला.

पंधरा दिवस कारखाना बंद होता. मग धाकटी म्हणाली, किती दिवस असं बसणार आहात दोघं. माझ्या बहिणीचं बोलणं हे असंच, रडायचं असलं तरी आधी भांडी घासून घेईल. तिनं बाबांच्या खोलीतली गादी काढून टाकली, चादरी धुतल्या, खिडकी उघडली. पलंग मात्र राहिला. जड होता, दोघांनाही हलेना.

सोमवारी आम्ही पाटावर बसलो. बाइंडरचा एक तबला आधीचाच अर्धा झालेला होता, तो त्यानं पुरा केला. तीन वाजले. त्यानं कडेची कातड्याची वेणी, म्हणजे गजरा, हातोडीनं ठोकून सूर जुळवला, किनारीवर थाप दिली आणि सवयीनं हात उचलून धरला. मीही सवयीनं पडद्याकडे बघितलं. तबल्याचा आवाज मागे लांबत राहतो त्याला आम्ही आस म्हणतो. ती आस अगदी बारीक होत होत संपली.

आणि आतून एक ठोका आला.

कोरडा, आखूड, लाकडावर बोटाच्या हाडाचा. सहा वर्षं ऐकलेला आवाज मी चुकणार नाही. माझ्या हातातला दगड शाईत तसाच टेकलेला राहिला आणि थर चिकटून बसला.

बाइंडरनं हात खाली घेतला, तबला उचलला, क्षणभर दोन फळ्यांच्या मध्ये घोटाळला, आणि मग वरच्या फळीवर ठेवून दिला. माझ्याकडे बघून कसनुसं हसला. मला वाटलं, यानंही ऐकलं.

माझ्या अंगावर काटा आला, नाही असं नाही. पण खरं सांगू? काट्याआधी दुसरंच काहीतरी आलं. बाबा मेले, आणि मेल्यावरही पहिला ठोका दिला तो जावयाला.

३

मी काही बावळट नाही. लाकूड उन्हानं फुगतं, सावलीत आकसतं, तेव्हा वाजतं. आमचा सगळा जन्म लाकूड आणि कातड्यात गेलेला. गादी काढल्यावर पलंगाच्या फळ्या मोकळ्या झाल्या होत्या, एखादी सरकली असेल. मी आत जाऊन प्रत्येक फळी दाबून बघितली. एकही हलली नाही. भिंतीतून पाण्याचा नळ जातो, त्याला कान लावला. खिडकीच्या कडीला कागदाची घडी लावली.

दुसऱ्या दिवशी बाइंडरचा तबला नव्हता. ठोका आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, झालं, नळच होता.

चौथ्या दिवशी माझा तबला तयार झाला. तीनला मी थाप दिली. आवाज चांगला होता हो, खरंच चांगला होता. मी हात वर धरून थांबलो. आस संपली. रस्त्यावरून एक सायकल गेली. वरच्या मजल्यावर धाकटीनं कुकरचं झाकण आपटलं. आतून काही नाही.

बाबा असते तर निदान दोन तरी पडले असते! परत घोट म्हणाले असते, पण माझ्याशी काहीतरी बोलले असते. मी हात किती वेळ तसाच धरला होता कोण जाणे, बाइंडर म्हणाला, दादा, हात दुखेल.

त्यानंतरच्या आठवड्यात बाइंडरचे दोन तबले झाले. दोन्ही वेळा एकेक ठोका. मी दोन्ही वेळा मुद्दाम पडद्याला पाठ करून बसलो होतो, म्हणजे वाट बघण्याचा दोष तरी नको. दोन्ही वेळा तो माझ्या पाठीवरच पडल्यासारखा वाटला. मी पडदा मात्र बाजूला केला नाही. आत कोणी नसणार हे मला माहीत होतं, आणि कोणी नसताना ठोका पडतो हे डोळ्यांनी बघायचं नव्हतं.

४

शेवटी मी त्याला विचारलंच. आडूनआडून. म्हटलं, तू तबला वरच्या फळीवर ठेवतोस तो कशाच्या जोरावर?

त्यानं दगड खाली ठेवला. मला वाटलं, आता हा सांगणार, बाबा अजून मला उत्तर देतात म्हणून. मी दात आवळूनच बसलो.

"अंदाजानं ठेवतो दादा," तो म्हणाला. "थाप दिली की थांबतो. काहीच ऐकू येत नाही. मग तुमच्या तोंडाकडे बघतो. तुमचं तोंड पडलं की समजतो, बरा झाला असेल."

मग बोलतच सुटला. म्हणाला, बाबा गेल्यापासून आपल्याला काही कळेनासं झालंय. शाई जाड झाली की पातळ, आस पुरते की नाही, सगळंच अंधारात. रात्रभर डोळा लागत नाही. जुन्या ओळखीच्या माणसानं नवीन छापखान्यात जागा धरून ठेवली आहे, तिकडे निघून जावं असं वाटतं. धाकटीला अजून सांगितलेलं नाही.

मी ऐकत होतो आणि आतून नुसता पेटत होतो. म्हणजे मिळतं याला आणि ऐकू येतं मला! ज्याला द्यायचं त्याच्या कानापर्यंत पोचत नाही, आणि ज्याचे कान चाळीस वर्षं टवकारलेले आहेत त्याच्या वाट्याला शांतता. अशी थट्टा मी कुणाची केली नसती. मी त्याला दोन शब्दांत सांगू शकलो असतो, की बाबा रे, तुझा एकूण एक तबला पास आहे. त्याची झोप परत आली असती.

मी म्हणालो, बघ बुवा, तुझं तुलाच कळायला हवं.

५

मोठमोठ्या गाणाऱ्यांना साथ करणारा एक वादक आमच्याकडे येतो. आम्ही आपसात त्याला साहेब म्हणतो. त्याला एका गायिकेबरोबर बसायचं होतं. बाईंचा आवाज खालचा, भरीव. त्या सुरात तबला लावायचा आणि तरी त्याची आस मरू द्यायची नाही, हे भलतं कठीण. त्यानं बाइंडरला सांगितलं होतं, शनिवारी नेतो. बाइंडर त्या एका तबल्यापाशी पाच दिवस मान मोडून बसला.

गुरुवारी तो जेवायला वर गेला. पंधरावा थर नुकताच दिलेला होता, ओला होता. त्यानं त्यावर कापड टाकलं होतं, येऊन घोटणार होता. मी कापड उचललं. माझ्या वाटीतली शाई बोटावर घेतली आणि त्या ओल्या थरावर दुसरा थर चढवला. वरूनच तेवढा दगड फिरवला, चकचकीत दिसेल एवढाच. खालचा थर आत ओला राहिला. वरून तबला नव्या नवरीसारखा दिसतो, आत घसा धरलेला असतो. दुनियेत हे करायला ज्यांना जमेल असे फार लोक नाहीत, आणि त्यातल्या कोणी केलं नसतं. मी केलं.

बाइंडर आला, कापड काढलं, जरा वेळ बघत राहिला. थर त्याच्या आठवणीपेक्षा सुकलेला दिसला असणार. पण हल्ली त्याचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता. आपणच घोटून गेलो असू असं समजून त्यानं पुढचा थर दिला.

शुक्रवारी तीन वाजता त्यानं थाप दिली. तबला बोललाच नाही. ओल्या पोत्यावर हात मारावा तसा आवाज. आस नावालासुद्धा नाही. बाइंडरचा चेहरा पांढरा पडला. मी पडद्याकडे कान दिला. मला दोन ऐकायचे होते. त्याला दोन पडलेले मला एकदा ऐकायचे होते, एवढीच माझी इच्छा.

आतून तीन पडले.

मी उठून उभासुद्धा राहिलो होतो. सहा वर्षांची सवय, पाय आधी हलतात. बाइंडर म्हणाला, काय झालं दादा? मी म्हटलं, काही नाही, पायाला मुंग्या. आणि खाली बसलो. थोड्या वेळानं पुन्हा तीन. घाई नाही, राग नाही. बाबांचे तीन कधीच रागाचे नसायचे, मी येईपर्यंत ते आपले पडत राहायचे. तिसऱ्यांदा तीन पडले तेव्हा मी पडदा बाजूला करून आत गेलो.

खोलीत लख्ख ऊन होतं. पलंगाच्या उघड्या फळ्या, भिंतीला टेकलेली खुर्ची, खिळ्याला अडकवलेला बाबांचा शर्ट. कडीत माझी कागदाची घडी जशीच्या तशी. कोणी नव्हतं. पलंगाच्या कडेला, जिथे बाबांचं बोट पडायचं, तिथे सहा वर्षांत लाकूड झिजून गुळगुळीत झालंय. ऊन पलंगाच्या दुसऱ्या टोकाला होतं, ही कड सावलीत होती. मी त्या जागेवर हात ठेवला.

लाकूड कोमट होतं. आजूबाजूचं गार, आणि तेवढंच कोमट. नुकताच घोटून झालेला थर असतो ना, तसं.

मी हात काढून घेतला. म्हणालो, "बाबा, हात धुवून येतो." हे का म्हणालो मला अजून माहीत नाही.

६

साहेबाला शनिवारी रिकाम्या हातानं परत जावं लागलं. तो बाइंडरच्या पाठीवर थोपटून गेला. रागावून बोलला असता तर परवडलं असतं. त्या रात्री धाकटीला सगळं कळलं, छापखान्याचंही. तिचं आणि नवऱ्याचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले होते.

म्हणाली, दादा, यांना कान हवाय. कोणीतरी आत बसून हो किंवा नाही म्हणायला हवंय. बाबांनंतर तसा कान तुझाच आहे. हे रोज मला सांगतात, दादांना तबल्यातलं जे ऐकू येतं ते मला जन्मात येणार नाही.

मी म्हटलं, असं म्हणतो तो?

बाइंडर पडद्यापाशी उभा होता. "तुम्ही बसा ना दादा आत," तो म्हणाला. "एक, नाहीतर दोन. तुम्ही म्हणाल ते मला कबूल. आणि तुमचे तबलेही मीच वाजवीन बाहेरून, म्हणजे तुम्हालाही आतून ऐकायला मिळेल कसे वाटतात ते."

माझ्या डोक्यात काय आलं ते लपवत नाही. आलं ते असं, की आत मी बसलो तर ठोका माझ्या हातात. त्याला द्यायचा नाही. कितीही चांगला असो, दोन. परत घोट. आणि माझ्या तबल्यावर थाप पडली की एक. मी स्वतःच दिलेला का असेना, पण त्या लाकडावर, त्या जागेवर, माझ्या तबल्यासाठी वाजलेला एक ठोका मला ऐकायचा होता. बाबा देणार नसतील तर मी घेईन.

मी हो म्हणालो. धाकटीनं माझा हात धरला. मी बाइंडरला सांगितलं, तो बिघडलेला तबला सोडून दे, नवीन कातडं घे, साहेबासाठी परत कर. माझाही एक होत आलाय, बुधवारी दोन्ही लावू.

७

बुधवारी पावणेतीनला मी आत जाऊन बसलो. पलंगावर चटई टाकली होती. पाठ भिंतीला लावली, पाय पसरले. खिडकीतून दुकानदारांचं बोलणं येत होतं, कोणीतरी शटर ओढत होतं. भिण्यासारखं काही नव्हतं. डावा हात मी कडेवर ठेवला, कारण ती झिजलेली जागा डावीकडेच आहे. उजवा मांडीवर.

बाहेर हातोडीचे आवाज झाले. बाइंडर म्हणाला, दादा, आधी माझा घेतो. मी म्हटलं, घे.

थाप पडली. काय सांगू तुम्हाला. भिंतीतून आली ती, आणि खोलीत आल्यावर मोठी झाली. खालचा सूर, भरीव, आणि वर ती आस, नुसती पसरत चाललेली. चाळीस वर्षांत मी इतका सुंदर तबला ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी मी मनाशी म्हटलं, दोन. दोन देणार.

बोट उचललं गेलं आणि एकदा पडलं. बस. मी दुसऱ्यांदा उचलायला गेलो तर ते तिथेच. डाव्या हाताचं बोट, माझं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि ते माझं ऐकेना. मी उजव्या हातानं ते उचलावं म्हणून उजवा हात हलवायला गेलो. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, बोटं आत वळलेली, अंगठा तळव्यात. तो तसा मी ठेवला नव्हता. सहा वर्षं तो तसा हात मी रोज सकाळी ओल्या टॉवेलनं उघडून पुसत होतो. बोटं एकेक करून सोडवायची, मग तळवा.

बाहेर बाइंडर रडत होता. आनंदानं, ते ऐकूनच कळत होतं. म्हणाला, आता तुमचा घेतो दादा.

मला वाटलं ओरडावं, थांब म्हणावं. पण थाप पडली आणि मी ऐकत राहिलो, कारण माझा तबला मी कधी या बाजूनं ऐकलाच नव्हता. चांगला होता. खरंच चांगला होता. आस संपेपर्यंत मी श्वास घेतला नाही. मग बोट उचललं गेलं आणि कडेवर पडलं.

एक.

मला इतका आनंद झाला की हाताचं भानच राहिलं नाही. मला लहान मुलासारखं रडू फुटलं. बाबा, म्हटलं, बाबा. एवढं म्हणेपर्यंत बोट पुन्हा वर गेलं होतं.

८

डॉक्टर म्हणाले, बापाचाच आजार, घराण्यात असतो, पण वेळेवर आलात. खरं असेल. उजवा हात गेला, पाय ओढत का होईना चालतो. जीभ जड झाली आहे, बोललेलं धाकटीलाच तेवढं कळतं. हे सगळं मी डाव्या हातानं लिहिलंय, अक्षर वेडंवाकडं आहे ते समजून घ्या.

कारखान्याचं नाव झालंय. येणारे वादक आधी पडद्याशी येऊन मला नमस्कार करतात, मग बाइंडरशी बोलतात. स्वतःच्याच तबल्याला दोन ठोके देणारा माणूस म्हणून बाइंडरनं माझी गोष्ट गावभर केली आहे. असा खरा माणूस मी पाहिला नाही, असं तो सांगतो. आणि मला आतून सगळं ऐकू येतं.

तबला पुरा झाला की तीनला तो थाप देतो. दर वेळी माझं बोट त्याला एक देतं. मी अडवायचा प्रयत्न केला नाही असं समजू नका. दात आवळून धरले, मनात दोन-दोन म्हणत बसलो. काही उपयोग झाला नाही.

काल मी ठरवलं, द्यायचाच नाही म्हणजे नाही. पावणेतीनला मी डावा हात मांडीखाली घातला आणि त्यावर सगळा भार देऊन बसलो. थाप पडली. सुरेख होती, नेहमीसारखी. मांडीखाली बोट एकदा धडपडलं, मी अजून जोर दिला, आणि ते दबून राहिलं. मला हसू आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी हसलो.

तेवढ्यात माझ्या शेजारी, पलंगाच्या कडेवर, त्या झिजलेल्या जागी, ठोका पडला.

मी मान वळवली नाही. बाहेर तबला वरच्या फळीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग बाइंडर पडद्याजवळ आला. त्यानं पडदा सरकवला नाही, नुसतं बोलला, आणि त्याचा आवाज मी इतका हलका कधी ऐकला नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "आज अगदी बाबांसारखा दिलात."